गंगाकाकीचं नाक

कारापूरच्या आमच्या वाड्यावर पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, सुकी सुंगटं, सुकवलेली कोळंबी, गंगाकाकीने हुंगल्याशिवाय कुणी घेत नसे. मे महिन्यात साखळीच्या बाजारात ती पुढे, आम्ही चौघी पिशव्या घेऊन मागे. पोत्यात नाक घालायची आणि म्हणायची, "गेल्या वर्साचीं. चला." चाळीस वर्षांत तिचा शब्द चुकला नव्हता.

यंदा तिने पसंत केलेली सुंगटं घरी उघडली, तर कुबट, कुजका वास. माझी सेजल सहा वर्षांची. हे तिच्या पोटात गेलं असतं तर? पिशवी घेऊन मी तडक काकीकडे गेले. तिने हुंगलं. चेहरा तसाच.

"माका वास येना गो," ती हळूच म्हणाली. "गणपतीच्या चवथीपासून. नाक घालतंय, पण बघतंय विकणारणीच्या तोंडाकडे. ती नजर चोरता, तां पोतां सोडतंय."

"आणि या वेळी?"

"मेली हसत होती."

सर्दी समजून तिने नऊ महिने कापूर हुंगला होता. मीच तिला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, वयाबरोबर नाकाच्या आतलं अस्तर पातळ होतं, ओलावा देणाऱ्या ग्रंथी सुकतात, वास ओळखणाऱ्या पेशी कमी होतात आणि पूर्वीसारख्या भरून येत नाहीत. कोरडेपणासाठी मिठाच्या पाण्याचे थेंब दिले. वास परत येईलच, असं मात्र म्हणाले नाहीत.

परतताना काकी म्हणाली, "बायांक सांगू नको. मगे माका बाजाराक कोण न्हेतला?"

मी गप्प राहिलेही असते. पण शेजारच्या आनंदीने त्याच पोत्यातली सुंगटं घेतली होती, आणि तिची दोन्ही मुलं लहान.

"काकी, आनंदीला तरी सांगावं लागेल."

ती तरातरा पुढे निघून गेली. सोमवारी मात्र स्वतःच सगळ्यांना गोळा करून ती कुबट सुंगटं परत द्यायला बाजारात गेली.

"काकी, तुमीच हुंगून घेतलास मगे?" विकणारणीने टोमणा मारला.

"घेतलंय. माजां नाक म्हातारां झालां, माका वास येना," काकी सगळ्यांदेखत म्हणाली. "पण तुजीं सुंगटां माज्याहून म्हातारीं. बदलून दी."

आनंदी खो खो हसली. विकणारणीने दुसरं पोतं उघडलं. काकी वाकली नाही. मूठभर सुंगटं घेऊन चुरडली, कटकन मोडतात का ते ऐकलं. मग मूठ आनंदीच्या नाकापुढे धरली.

"आता तू हुंग."