मास्तरांनी शिवलेला शेवटचा तंबू

मास्तर हे काही त्यांचं नाव नव्हे. पण ताडपत्रीच्या कारखान्यात तीस वर्षं शिवणकाम केलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? माझ्या मैत्रिणीचे हे यजमान. ती त्याच कारखान्यात ताडपत्रीच्या कडेला पितळी कड्या ठोकायची. शिवण पुरी झाली की मास्तर डोळे मिटून त्या शिवणीवरून अंगठा फिरवायचे. "मला अंगठ्याने दिसतं, वहिनी," म्हणायचे. एक टाका सुटला तरी अंगठा थांबायचा.

कारखाना बंद पडला. दूरच्या शहरातून मास्तरांना बोलावणं आलं. पण आधी हातचं काम बघणार, मग घेणार. घर सोडून झालं होतं, सामानाचा ट्रक सोमवारी निघायचा होता. म्हणून शनिवारी आम्ही दोन्ही कुटुंबं तळ्याकाठी मुक्कामाला गेलो. दर वर्षी जायचो तसेच, फक्त हे शेवटचं. आम्हाला आठवण म्हणून मास्तरांनी नवा तंबू शिवला होता, बायकोलाही न दाखवता.

संध्याकाळी एक सर आली आणि छताच्या शिवणीतून धार लागली ती थेट आमच्या ह्यांच्या मानेवर.

"मास्तर, तंबूला नळ बसवलाय होय? आधी सांगायचं, बादली आणली असती!" हे ओरडले.

मास्तरांची लेक हसून हसून लोळायची बाकी राहिली. मास्तर उठले. त्यांनी शिवणीवरून अंगठा फिरवला. वीतभर शिवण उघडी होती, मला लांबून दिसत होती. अंगठा तिच्यावरून न थांबता पुढे गेला.

"शिवण ठीक आहे," ते म्हणाले. "कापडच पाझरतंय."

मैत्रीण चुलीकडे वळली. एरवी नवऱ्याची चूक सापडली की आठवडाभर पुरवायची ती.

थोड्या वेळाने मास्तरांनी चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचललं आणि हातात धरून आत बघत उभे राहिले. धातूचं झाकण, खाली जाळ. मी धावले.

"भावजी, टाका ते!"

त्यांनी झाकण खाली ठेवलं. अंगठा लाल झाला होता. "वहिनी, तिला सांगू नका. साखरेने बोटांच्या नसा गेल्या. वर्ष होत आलं. एकदा तिकडे गेलो की जमवीन काहीतरी."

"काय जमवाल?"

त्यांनी अंगठा मुठीत लपवला आणि तंबूकडे वळले.

सकाळी तळ्यावर भांडी घासताना मैत्रीण हळूच म्हणाली, "काल बघितलंस ना तू?"

"काय?"

"नाटकं करू नकोस. तुझं तोंड मला वाचता येतं." ती राखेने तेच ताट पुन्हा घासू लागली. "मला कळून चार महिने झाले. कारखाना चालू होता तोवर ते चहाला गेले की मी त्यांच्या शिवणी तपासायचे. सुटलेले टाके मीच घालायचे. हा तंबू तेवढा लपवून शिवला, म्हणून राहिला."

"अगं, मग बोल त्यांच्याशी! तिकडे तुला कोण टाके घालू देणार?"

"बोलले तर ते ट्रकमध्ये बसायचेच नाहीत. इथे राहून खायचं काय? तूही सांगू नकोस त्यांना, माझी शपथ आहे."

आता दोघांचंही गुपित माझ्याच गळ्यात. पण मास्तरांनी तोंड उघडलं नाही, तर तिकडच्या लोकांसमोर ते उघडे पडणार होते.

म्हणून सकाळच्या चहाला मास्तरांना पेला मी मुद्दाम निवडून दिला, हे कबूल करते. बिनकानाचा स्टीलचा पेला, त्यात उकळता चहा. बाकीच्यांनी आपापले पेले रुमालात धरले होते. मास्तरांनी तो मुठीत धरला आणि ट्रकच्या वाटेबद्दल बोलत राहिले.

लेक बघत होती. "बाबा, भाजत नाही?"

मास्तरांनी पेल्याकडे पाहिलं. वाफ येत होती. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. आता बोलतील, मला वाटलं.

मैत्रीण पुढे झाली. त्यांच्या मुठीतून पेला काढून तिने आपल्या दोन्ही हातांत धरला. "कुठे भाजतोय? केव्हाच निवलाय," म्हणाली आणि घोट घेतला. डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण पेला सोडला नाही. मास्तर जमिनीकडे बघत बसले. लेक एकदा आईकडे, एकदा बाबांकडे पाहून आपला चहा फुंकू लागली.

तंबू उतरवताना मैत्रिणीने ती वीतभर शिवण हातानेच घातली, नवऱ्याकडे पाठ करून. तिचे तळवे लाल होते. माझ्याशी ती निघेपर्यंत बोलली नाही.

दोन आठवड्यांनी तिचा फोन आला. तिला कड्यांचं काम मिळालं होतं. मास्तरांना मशीनवर घेतलं नव्हतं, फाटकावर राखणीला बसवलं होतं.

"ते काय म्हणतात?" मी विचारलं.

"नजर कमी झालीय म्हणतात. म्हणून टाके चुकले."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? रविवारी त्यांना चष्मा करायला घेऊन जातेय."