रिकाम्या जागेची राखण

केशकर्तनालयाच्या वरच्या मजल्यावर ती लहानाची मोठी झाली. खाली वडिलांची कात्री चाले, आणि कात्रीपेक्षा जीभ अधिक चाले. गिऱ्हाईक मान खाली घालून बसलेले असल्यामुळे प्रतिवादाची सोय नसे. वडील एखादे वाक्य अर्ध्यावर आणून थांबत, कंगवा पाण्यात बुडवून झटकत, आरशातून सावकाश गिऱ्हाइकाकडे पाहत, आणि मगच उरलेले अर्धे सोडत. दुकानात हशा पिके तो त्या थांबण्यामुळे. शब्द तसे साधेच असत.

मुलगी पुढे संगणकाच्या विद्येत शिरली. कचेरीत तिला लहानथोर सगळे ताईच म्हणतात. तिच्याकडे एका लायब्ररीची देखभाल आहे. ही लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे; इतर प्रोग्रामरांनी उचलून आपापल्या कामात जोडावी अशी तयार अवजारांची पेटी. जगातील यंत्रे आपली माहिती नाना तऱ्हांनी लिहून ठेवतात. कोणी दोन गोष्टींमध्ये स्वल्पविराम घालते, कोणी डबीत डबी ठेवावी तशी कंसात कंस ठेवते, कोणी प्रत्येक वस्तूच्या आरंभी आणि अंती तिच्या नावाची पाटी लावते. ताईची लायब्ररी यांतील कोणतेही लेखन वाचते, त्याचा कण न् कण सुटा करते, आणि मागाल त्या दुसऱ्या रीतीने तो पुन्हा ओवून देते. संहितेचा पदच्छेद करावा आणि पदांतून पुन्हा संहिता सिद्ध करावी, तसाच हा व्यवहार. आणि तो डोळ्याचे पाते लवायच्या आत घडतो. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिले नाही अशी यंत्रे तिच्या मध्यस्थीने परस्परांना उमगतात. या गोष्टीचा विचार करू लागले की मन नम्र होते.

त्या कचेरीचा एक नेम आहे. त्याला ते ‘फेरी’ म्हणतात. नमुन्याचे लेखन लायब्ररीने वाचायचे, लिहायचे, पुन्हा वाचायचे, आणि आरंभीचे व अखेरचे ताडून पाहायचे. आत गेलेले सारे बाहेर आले तर फेरी जुळली. दररोज संध्याकाळी, पिशव्या खांद्याला लावता लावता, कोणीतरी विचारतेच, “फेरी जुळली ना?” आणि ती जुळलेली असे.

दरम्यान वडिलांच्या घशात व्याधी उद्भवली आणि स्वरयंत्र काढून टाकावे लागले. त्यांना एक बोलके यंत्र मिळाले: वाक्य टंकून साठवायचे, आणि हवे तेव्हा कळ दाबून वदवायचे. बोटे स्थिर होती तोवर त्यांनी त्यात शेकडो वाक्ये भरली; कोठे किती थांबायचे तेही भरले. नंतर हाताला कंप सुटला. कात्री थोरल्या मुलाकडे गेली आणि वडील दाराशेजारच्या खुर्चीवर बसून कळा दाबू लागले. आवाज यंत्राचा होता, तरी गिऱ्हाइके ओळखीने हसत.

मग ते यंत्र एके दिवशी कायमचे बंद पडले. बनवणारी कंपनी केव्हाच गुंडाळली गेली होती. सुदैवाने वाक्यांची फाइल शाबूत होती, फक्त तिची लेखनरीत त्याच्या जागी आणलेल्या नव्या यंत्राला कळत नव्हती.

“त्यात काय एवढं, बाबा,” ताई म्हणाली. “हेच तर माझं रोजचं काम.”

तिने फाइल आपल्या लायब्ररीतून नव्या रीतीत उतरवली. वडिलांनी सवयीने कळ दाबली. यंत्र एका श्वासात म्हणाले, “तुमचे केस फार सुंदर आहेत जेवढे आहेत तेवढे.” खुर्चीतील माणूस “हो का?” म्हणाला आणि वर्तमानपत्र वाचू लागला. वडिलांनी आणखी दोन-तीन वाक्ये वदवून पाहिली. मग थरथरत्या बोटाने, मोठ्या कष्टाने, एकच नवे वाक्य टंकले: “हा कोण बोलतोय?” यंत्र त्यांनी कंगव्यांच्या खणात ठेवून दिले आणि बोलणे सोडले.

भावाने फोन केला. “अगं, बाबा नुसती मान हलवतात. काल कोणी विचारलं, तब्येत बरी नाही का, तर हो. बरी आहे का, तरी हो. मशीन फालतू आहे तुझं.”

“माझं कुठलं, दादा? दुकानातून आणलंय.”

“मग दुकान फालतू आहे. काहीतरी कर. दाराशी मूर्ती बसवल्यासारखं वाटतं.”

तीही आधी यंत्रालाच दोष देत होती. मग तिने जुनी फाइल उघडून ओळीमागून ओळ डोळ्यांनी वाचली. दोन शब्दांमध्ये कोठे स्वल्पविरामाला स्वल्पविराम लागून आलेला, आणि त्यांच्या मध्ये काहीच नाही, म्हणजे शब्दाचे एक घर रिकामे. कोठे अशा रिकाम्या घरांची ओळच. जुने यंत्र प्रत्येक रिकाम्या घरापाशी क्षणभर थांबे. नव्या यंत्रालाही ते जमले असते, पण त्याच्यापर्यंत घरे पोचलीच नव्हती. लायब्ररी वाचताना ती घरे नीट वाचत होती. लिहिताना मात्र रिकामे दिसेल ते वेचून टाकीत होती. हा नियम कित्येक वर्षांपूर्वी ताईनेच, टापटिपीच्या हौसेने, घातला होता. आणि फेरी रोज जुळत होती, कारण ताडून पाहणारा भागही ताडण्यापूर्वी दोन्ही बाजूंची रिकामी घरे झाडून टाकी.

नैयायिकांनी, म्हणजे जुन्या तर्कशास्त्र्यांनी, अभावालाही पदार्थांच्या पंक्तीत स्थान दिले, त्यामागे केवढी दृष्टी असेल. घर मुळात नसणे वेगळे; घर असून ते रिते असणे वेगळे; आणि ‘आत काय ते ठाऊक नाही’ अशी चिठ्ठी घरात असणे आणखी वेगळे. ताईच्या विद्येतही हे भेद मानलेले आहेत. ती ते नवख्यांना शिकवीत आली होती.

दुसऱ्या दिवशी तिने सहकाऱ्यापुढे विषय काढला. प्रत्येक बदलाला हरकत घेण्याबद्दल त्याला कचेरीत शंकासुर म्हणतात, आणि त्याला त्याचा अभिमान आहे.

“लोकांनी आपले प्रोग्राम या नियमावर उभे केलेत, ताई,” तो म्हणाला. “आणि तू म्हणतेस पाया सरकवू.”

“नवीन आवृत्तीत रिकामं जसं आलं तसंच जाईल. ज्याला गाळून हवंय त्यानं तसं सांगायचं. न विचारता आपण गाळायचं नाही, एवढंच.”

“वडिलांचं आहे म्हणून घाई चाललीय तुझी.”

“वडिलांचं नसतं तर कळलंच नसतं रे.”

शंकासुराने चष्मा पुसला. “मग आधी तो ताडणारा दुरुस्त कर. चोर तोच आहे.”

“चोर मी. तो चोराचा मेहुणा.”

मेहुण्याला आधी वळण लावले. त्या संध्याकाळी फेरी जुळली नाही. पडदा लाल ओळींनी भरून गेला: कोणाच्या गाण्यातील विसावे, कोणाच्या प्रश्नावलीतील सोडलेली उत्तरे, कोणाच्या पत्त्यातील जाणूनबुजून कोरा ठेवलेला रकाना. शंकासुर उभा होता तो खुर्ची ओढून बसला. लाल ओळी त्याने वरपासून खालपर्यंत वाचून काढल्या. मग म्हणाला, “गाळण्याचा नियम मी काढून टाकतो. तू बाबांची फाइल घे.”

ताई नवी फाइल घेऊन गेली तेव्हा दुकान भरलेले होते. वडिलांनी खण उघडू दिला, पण यंत्राकडे पाहिले नाही. तिने ते त्यांच्या मांडीवर ठेवले आणि बाजूला झाली. बऱ्याच वेळाने त्यांचे बोट यादीवरून खाली खाली सरकत गेले आणि एका वाक्यावर टेकले.

“माझी मुलगी फार हुशार आहे,” यंत्र म्हणाले.

आणि थांबले.

हे वाक्य तिने फाइलमध्ये पाहिले होते. त्यातली रिकामी घरे तिने बोट ठेवून मोजलीही होती. ऐकले मात्र कधीच नव्हते. भावाची कात्री हवेत थबकली. गिऱ्हाइके आरशातून तिच्याकडे पाहू लागली, आणि ती उगाच केस सारखे करू लागली. वडील समोर, शून्यात पाहत होते, ओठ किंचित दुमडून. त्या शांततेत पूर्वीचा तो माणूस, कंगवा झटकणारा, सबंधच्या सबंध, दुकानात उभा राहिला.

“आईवर गेलीये,” यंत्र म्हणाले.

खुर्चीतला माणूस इतका हसला की भावाला त्याचे डोके दोन्ही हातांनी धरावे लागले. वडिलांनी हसू दिले. मग त्यांचे बोट पुन्हा यादीवर फिरू लागले.