पाखरांच्या सीडीवरचा आवाज

माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणाऱ्या सुशीलाबाई! एके काळी त्यांची गायन पार्टी सौंसरला येणार म्हटलं, की बोरगावची माणसं बैलगाड्या जुंपून निघत. आज त्या दीर भाऊरावांच्या खोलीत बसून एका पत्र्याच्या डब्याचा उद्धार करत होत्या.

जुन्या कलावंतांच्या यादीत नाव यायचं, तर गाण्याची सीडी आजच पांढुर्ण्याच्या कार्यालयात पोचायला हवी होती. मोबाइलमधलं गाणं तिथल्या बाबूला चालत नव्हतं. बाईंच्या एकुलत्या एका कॅसेटमधलं गाणं कॉम्प्युटरमध्ये उतरलं होतं, पण सीडीवर काही चढेना. दोनच्या बसला पाऊण तास उरला होता.

"अठ्ठ्याण्णव टक्के झाले, वहिनी!" भाऊराव ओरडले. लगेच घरघर झाली आणि सीडी बाहेर आली. चौथी वाया.

"लाइनच डिम हाय, करंट पुरत नाही," भाऊराव म्हणाले.

"मघा मशीन जुनी होती, आता लाइन डिम. तुहा दोष कधी निघन रे? गाणारी मी, अन् धाप लागून राहिली तुह्या डब्याला!"

बाईंनी ती सीडी उचलून उजेडात धरली. भोकाच्या कडेला सुतळीचा एक धागा चिकटलेला, आणि चमकत्या बाजूवर वाळलेला पांढरा ठिपका.

"हे काय होय भाऊराव?"

भाऊराव चष्मा पुसू लागले. "कोऱ्याच हायेत वहिनी. संत्र्याच्या बगीच्यात पोपट हाकलाले टांगल्या होत्या. दोन उन्हाळे खाल्ले त्याईनं, पण कोऱ्या त्या कोऱ्याच."

"पाखराच्या घाणीवर माहा आवाज! आन चांगली!"

भाऊरावांनी कपाटातून एक सीडी काढली, अजून प्लास्टिकात बंद. "चांगल्या कामासाठी ठेवली होती."

"अन् हे काय वाईट काम हाय?"

भाऊरावांनी बोटं कडेला धरून सीडी आत सरकवली.

"आता धावडू नको तिले," बाईंनी बजावलं. "पहिल्याच कडव्यात पळालं, की शेवटच्यात दम तुटतेच. ह्याच्यात हळू चालवाचं काही असन ना?"

होतं. भाऊरावांनी सगळ्यात कमी वेग निवडला, बाकीचं सगळं बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसले. असा गप्प माणूस बाईंनी श्रोत्यांतही क्वचितच पाहिला होता.

वीस मिनिटांनी सीडी निघाली. लावून पाहिली. तीस वर्षांपूर्वीच्या सुशीलाबाईंनी तान घेतली आणि खिडकीचं तावदान थरथरलं.

बाई उठल्या, सीडी पदराखाली धरली. "त्या चार फुकट गेलेल्या परत टांग बगीच्यात. माह्या आवाजानं तरी पोपट पळतीन."

"नाही पळत वहिनी," भाऊराव म्हणाले, "बसतीन आयकत."

"आता लाडीगोडी! उठ, गाडी काढ. बस चुकली तर तुलेच टांगीन त्या झाडाले."

भाऊराव चप्पल न घालताच धावले.