एकाच नंबरची दोन स्थळं
समस्त पुणेकरांनी सावध होऊन ऐकावी अशी गंभीर घोषणा: माझं लग्न वीज गेल्यामुळे जमलं. तापलेल्या कॉम्प्युटरचा वास आला की अजूनही कोथरूडच्या वधूवर मंडळातली ती पेंगुळलेली दुपार तरंगत येते. तिथला नवा प्रोग्राम प्रत्येक स्थळाला आपोआप पुढचा नंबर द्यायचा. वीज गेली की मात्र मोजणी विसरून पुन्हा एकपासून सुरू व्हायचा. त्यामुळे एक नंबरवर एक डॉक्टर होता आणि मीही. मुलीकडच्यांनी डॉक्टरला बोलावलं, निरोप मला आला. त्यांच्या घरी मुलीने चहा पुढे केला आणि वेलदोड्याच्या वाफेतून मी तिच्याकडे बघतच राहिलो. “अहो, आम्ही डॉक्टरांना बोलावलं होतं,” तिचे वडील म्हणाले. मी हिरमुसून उठलो, तोच ती बोलून गेली, “बाबा, घरात कुणी आजारी आहे का?”