मामांचा चमचा

तीन आठवड्यांपूर्वी सकाळीच मामींचा फोन आला. "तुझे मामा गेले गं..." एवढंच म्हणाल्या. नात्यानं ते माझे कोणी नव्हते. अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात ते प्रेस चालवायचे, जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यातून विजेच्या मोटारींची वाटीसारखी टोपणं काढायचे. मी तिथल्या प्रयोगशाळेत; वांगणीची, आमच्या घरातली पहिली पदवीधर, केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेली. हे मी कुणी न विचारताही सांगते.

प्रेसखाली पत्रा फाटू नये म्हणून त्याला तेल लावतात. मामा तीस वर्षं तेच काळं खनिज तेल हातानं लावत आले होते. बोटांना नुसत्या भेगा. तिखट झोंबायचं, म्हणून डबासुद्धा चमच्यानं खायचे. बाकीचे चिडवायचे, "मामा साहेब झाले रे!" मी एरंडेलापासून नवं तेल तयार केलं, तेव्हा त्यांनी ते अंगठ्यावर घेऊन हुंगलं. "काय गं पोरी, प्रेसला जुलाब देतेस काय?"

चाचणीत एकही टोपण फाटलं नाही. मी हवेत. पण तीन दिवसांनी पाहते तर सगळ्यांवर पांढऱ्या गंजाचे डाग... मॅनेजर म्हणाले, "मॅडम, बस झालं. जुनंच तेल बरं." माझी मान खाली. तेवढ्यात मामा पुढे आले.

"साहेब, तेलाला बोल लावू नका. पत्रे मी धुतलेत, गरम सोड्याच्या पाण्यानं. पोरीची पहिली चाचणी, म्हटलं पत्रा कसा चकाचक पाहिजे."

जस्त गंजू नये म्हणून पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारा एक थर दिलेला असतो. तोच मामांनी मायेनं घासून काढला होता!

"तीस वर्षांत एवढं कळलं नाही?" मॅनेजर सगळ्यांसमोर ओरडले.

"नाही कळलं. आता ही शिकवेल. पण न धुता एकदा करून बघा की."

केलं. आठवडा गेला, महिना गेला, डाग नाही. मग मामांच्या प्रेसवर माझंच तेल आलं.

परवा शिरगावला मामींकडे गेले होते. खिडकीत त्या दुसऱ्या चाचणीतलं टोपण, अजून तसंच लख्ख, आणि त्यात मामांचा चमचा उभा. मी बघतेय हे मामींनी पाहिलं.

"वर्षभर त्याला शिवले नाहीत गं," त्या म्हणाल्या. "हातानं जेवायचे... ठेचासुद्धा."