टिचकीमामाचे हात

हातात काहीही आलं की टिचकी मारून कान द्यायचा, म्हणून सगळं गाव त्याला टिचकीमामा म्हणायचं. चाकूरकडच्या आमच्या गावचा तो कुंभार. मी बी.ए. झालो, आमच्या घराण्यात पहिला, तेव्हा त्यानं माझ्या डोक्यावरच टिचकी मारली. "बघतो लेका, भाजलंय का कच्चंच हाय."

गावात कुणीही गेलं तरी तिरडीपुढचं मडकं मामाच्याच घरून जायचं, फुकट. "शेवटचं भांडं हाय. बद्द वाजू नये," एवढंच म्हणायचा.

लातूर नवा जिल्हा झाला, मला कचेरीत नोकरी लागली आणि पाठोपाठ दुष्काळ आला. सरकारतर्फे कला दाखवायला रशियाला जाणाऱ्या मंडळींत जिल्ह्यातून एक कारागीर हवा होता. मी मामाचं नाव दिलं. तो तेव्हा रोजगार हमीवर खडी फोडत होता. माती भिजवायला पाणी नव्हतं, चाक दोन वर्षं भिंतीला टेकलेलं. हे मी अर्जात लिहिलं नाही.

सोबत मीच गेलो. तिथं आम्हाला कुंभारांच्या एका गावात नेलं, लाकडी घरांच्या. घरोघर मातीची भांडी, रंगीत शिट्ट्या. पाहुणे आठवण म्हणून घेऊन जायचे. एक म्हातारी नळ सोडून माती मळत होती. मामानं उठून नळ बंद केला. तिनं सोडला. त्यानं पुन्हा बंद केला. "सांग तिला, एवढं पाणी लागत न्हाई." मी दुभाषी बाईला हिंदीत सांगितलं. सगळे हसले.

मग म्हातारीनं त्याला चाकावर बसवलं. गोळा उभा राहिला, थरथरला, बसला. दुसऱ्यांदाही तेच.

"सांग, हितलं चाक निराळं हाय म्हणून," मामा खाली बघत म्हणाला.

मी तसंच सांगितलं. म्हातारीनं त्याचे तळवे उलटून पाहिले, घट्ट्यांवरून अंगठा फिरवला. निघताना तिनं त्याला एक शिट्टी दिली. मामानं टिचकी मारली. खणखणीत वाजली.

"हिचं चाक कधी थांबलंच न्हाई," तो म्हणाला.

पुढे पाऊस झाला. मामा चाकावर बसला, थोड्या वेळानं उठला. "बोटं खडीनं खाल्ली." तेव्हापासून गावात तिरडीपुढे बाजारचं मडकं येऊ लागलं. मामा कुणाच्या मयतीला येईनासा झाला.

त्याला मूलबाळ नव्हतं. तो गेला तेव्हा मडकं मीच आणलं, चाकूरच्या बाजारातून. तिरडीपुढे धरण्याआधी टिचकी मारून पाहिली.

बद्द वाजलं. तिरडी उचलली होती. तेच घेऊन पुढे चालू लागलो.