उशीखालचा चमचा

ऑरिन टॅट्रोच्या टेकडीवर गावातलं प्रत्येक पोर घसरून मोठं झालं, एकटा ऑरिन सोडून. टेकडी त्यांची, कुरणही त्यांचंच, पण गाईही त्यांच्याच. आमच्या व्हरमाँटमध्ये रात्रभर बर्फ पडला की सकाळी रेडिओवर बंद शाळांची नावं सांगत. आमच्या शाळेचं नाव आलं की मी न्याहारी अर्धी टाकून, घसरगाडी ओढत टॅट्रोंच्या कुंपणाखालून आत शिरायचे. तेव्हा ऑरिन दोन हातांत दोन बादल्या घेऊन गोठ्याकडे निघालेला असायचा. नळ गोठलेले, गाई तहानलेल्या, आणि शाळा बंद म्हणजे बापाला दिवसभर फुकटचा गडी.

"गाईंना रेडिओ ऐकू येत नाही," असं त्याचा बाप म्हणायचा. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. तो थकवा त्याने गाईंबरोबर पोरालाही देऊन टाकला.

बर्फ पडावा म्हणून आम्ही पोरं रात्री पायजमा उलटा घालून आणि उशीखाली चमचा ठेवून झोपायचो. ऑरिनची धाकटी बहीण व्हर्नाही ठेवायची. तिला गोठ्याचं काम नव्हतं, घरातलं आटोपलं की ती टेकडीवर यायची. पण ती झोपली की ऑरिन हळूच तिचा चमचा काढून स्वयंपाकघरात नेऊन ठेवायचा. का, तर शाळा हीच त्याची सुट्टी. तिथे शेगडीजवळच्या बाकावर त्याला डुलकी लागायची आणि बाई बघून न बघितल्यासारखं करायच्या. त्या चमच्यावरून व्हर्ना अजून त्याला टोमणे मारते.

पुढे बाप गेला, पण गाई ऑरिनच्या पाचवीलाच पुजलेल्या होत्या. त्याने लग्न केलं नाही. "सकाळ-संध्याकाळ धारा, मधल्या वेळात कुठली पोरगी पटवू?" असं तोच सांगायचा. मी शाळेची बस चालवून चालवून पाठीचं वाटोळं करून घेतलं, त्याचे गुडघे गेले. गेल्या पानगळीत त्याने गाई विकल्या. ट्रक वळणाआड गेला तेव्हा मी त्याच्या शेजारी उभी होते.

"आर्लीन," तो म्हणाला, "आज संध्याकाळी मी काय करू?"



शेतही विकलं गेलं होतं. हिवाळा संपला की तो फ्लोरिडाला व्हर्नाकडे राहायला जाणार होता, जिथे बर्फ फक्त सरबतात असतो. म्हणजे इथला हा त्याचा शेवटचा हिवाळा. आणि हिवाळा तरी कसला, नुसता चिखल. नाताळात पाऊस, जानेवारीतही पाऊस. एकदा मी केक घेऊन गेले तर हा खिडकीशी उभा.

"काय बघतोयस?"

"आभाळ." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "शाळा बंद ठेवली तर मला सांगशील? टेकडीवर जाईन म्हणतो. एकदा तरी."

"हे असले गुडघे घेऊन?"

"मग काय तुझ्याकडे ठेवून जाऊ?"

मला हसू आलं. आता गाई नव्हत्या, अडवणारा बाप नव्हता, तर बर्फच येईना. देवाला कधीकधी थट्टा कुठे करावी ते कळत नाही.

फेब्रुवारी सरता सरता रेडिओने बर्फाचं वादळ सांगितलं. संध्याकाळी मी त्याच्याकडे डोकावले. थंडीत तो स्वयंपाकघरातच शेगडीजवळ खाट टाकून झोपायचा. उशीच्या कडेने चमच्याचा दांडा दिसत होता. घरी येऊन मीही एक चमचा ठेवला आणि या वयात पायजमा उलटा घातला.

सकाळी शाळा बंद. सांगायला गेले तर घर रिकामं. ऑरिन गोठ्यात होता, रिकाम्या दावणीसमोर बादली पालथी घालून बसलेला. गाईंची ऊब गेल्यापासून गोठा बाहेरच्याइतकाच गार पडला होता.

"सवयीने आलो," तो म्हणाला.

"शाळा बंद आहे, ऑरिन."

तो उठला. उठायला त्याला वेळ लागला.

टेकडीवर पोरं जमली होती. म्हाताऱ्याला बघून ती बाजूला झाली. माझ्या जुन्या लाकडी घसरगाडीवर मी त्याला पुढे बसवलं आणि मागे मी बसले, कारण त्याचा भरवसा नव्हता. पोरांनी ढकललं. त्याची टोपी उडाली, माझी पाठ कळवळली, आणि खाली कुंपणाजवळ गाडी कलंडून आम्ही दोघं बर्फात पडलो. तो उताणा पडून राहिला. मी घाबरले.

"एवढंच होतं?" त्याने विचारलं.

आता काय सांगणार? सातव्या वर्षी ही टेकडी आभाळाला भिडायची. मोजे ओले, गाल बधिर, आणि अंधार पडूच नये असं वाटायचं. तसं सुख मला पुढे संसारातही मिळालं नाही, नवऱ्याची माफी मागून सांगते. पण सत्तरी उलटलेल्या माणसाला हे कुठल्या तोंडाने सांगू?

"एवढंच," मी म्हणाले. "आम्ही उगाच आरडाओरडा करायचो."

तो माझ्याकडे बघत राहिला. पापण्यांवरचा बर्फही त्याने पुसला नाही.

"खोटं बोलतेस, आर्लीन," तो म्हणाला आणि गुडघ्यांवर हात टेकून उठला. मग गाडीची दोरी हातात घेऊन तो पुन्हा टेकडी चढू लागला.